माहेरचा रकाना

नवा कंप्युटर अडला त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण हुतं ते आदी सांगते, म्हंजी फुडं घोळ व्हायचा न्हाय. डॉक्टर सायेब हुते. त्यांची बायको हुती, तिला आमी म्याडम म्हणायचो, ती टेबलावर बसून पेशंटची नावं लिवायची. येक्सरे काढणारा आण्णा हुता. पुण्याचा कंप्युटरवाला हुता, उन्हाळ्यातबी गळ्याला टाय बांधलेला. निमगावची एक म्हातारी हुती आन तिच्या संगट तिची धाकटी जाऊ. भाईर बाकड्यावर धा-बारा पेशंट. आन मी, झाडलोट करणारी मावशी. एवढीच माणसं. कुणाचं नाव मी सांगत न्हाय. माझं बोलणं लिवून घेणारी शेजारची सून म्हणती, "आज्जी, नावाबिगर वाचणाऱ्याला कळायचं कसं?" कळंल. ज्याला कळाया पायजे त्याला कळंल.

हा दवाखाना बारामतीत, यष्टी स्टॅण्डापासनं चालत जाण्याजोगा. येक्सरे आन सोनोग्राफी, दुसरं काय न्हाय. लोक त्याला फोटूचा दवाखाना म्हणायची. साल सत्त्याण्णव असंल न्हायतर अठ्ठ्याण्णव. तवा इंदापूर तालुक्यातल्या पोटुशा बाया सोनोग्राफीला बारामतीलाच यायच्या, सासूला न्हायतर नवऱ्याला घिऊन. भिंतीवर पाटी हुती, पोरगा का पोरगी हे हितं सांगत न्हाईत म्हणून. तरी सासवा मला कोपऱ्यात घिऊन इच्यारायच्या. मी म्हणायची, "मला केरसुणीतलं कळतं, पोटातलं न्हाय."

लोकांना वाटायचं मी पगारासाठी कामाला लागले. पगार लागतच हुता, न्हाय म्हणत न्हाय. पण त्याआदी मी शेतावर जायचे, भांडी घासायचे, तितंबी दोन पैशे मिळत हुते. फोटूच्या दवाखान्यात मी लेकीची वाट बघाया बसले हुते.

लेक माझी एकच. बारावीला हुती. आमी बौद्ध, पोरगा दुसऱ्या समाजाचा, निरवांगीचा, हितं खोली घिऊन शिकाया राहिलेला. दोघांनी आळंदीला जाऊन लगीन लावलं. तिच्या बापाला कंपनीच्या गेटावर ही बातमी दुसऱ्यानं सांगितली. तो वॉचमन हुता. ड्रेस न उतरवता घरी आला आन खाटंवर बसून राहिला. लेकीनं दुसऱ्यात लगीन केलं याचं त्याला वाईट वाटलं का न सांगता केलं याचं, ते त्यानं कधी सांगितलं न्हाय आन मी इच्यारलं न्हाय.

म्हैन्यानं ती आली. दुपारची येळ. चौकटीच्या भाईर उभी राहिली, चपला काढल्या न्हाईत. हातात पिशवी.

बाप म्हणला, "कुणाकडं आलाय तुमी?" पोटच्या लेकीला तुमी म्हणला.

ती म्हणली, "आईला भेटाया."

तो म्हणला, "हितं कुणाची आई राहत न्हाय."

मी चुलीपाशी भाकरी करत हुते. तव्यावर एक, परातीत एक. मी वर बघितलं न्हाय. भाकरीला पाणी फिरवलं, उलटली. परातीतली थापली. ती किती येळ उभी हुती ते मला सांगता यायचं न्हाय. मान वर केली तवा चौकट मोकळी हुती.

तिथनं आमच्या घरात तिचं नाव काढायचं बंद झालं. पुढं यष्टीत भेटलेल्या एका बाईकडनं कळलं की ती निरवांगीला सासरी हाय, आन सासरच्यांनी तिचं नाव बदललंय. काय ठिवलं ते त्या बाईला म्हाईत न्हवतं. म्हंजी लेकीला हुडकायचं तर कुठल्या नावानं, हेबी माझ्यापाशी राहिलं न्हाय. मग मी इच्यार केला. बाई आज ना उद्या पोटुशी राहणार. पोटुशी राहिली की फोटूच्या दवाखान्यात येणार. मी तितं कामाला लागले. दार उघडं ठिवायचं काम माझंच हुतं.

आता कंप्युटरचं सांगते.

मागच्या खोलीत लोखंडी रॅकात जुन्या फिल्मा असायच्या, तपकिरी पाकिटात. पाकिटावर नंबर. पण पेशंट नंबराची चिठ्ठी जपत न्हवतं. डॉक्टर म्हणायचे, "मावशी, यांचा मागचा फोटू काढा," की मी जायची आन काढून आणायची. मला तवा नुसतं अक्षर जुळवून वाचता यायचं. पण माणसाचं तोंड आन त्याचं पाकीट कुठल्या फळीवर ठिवलंय हे मी इसरत न्हवते. आण्णा म्हणायचा, "मावशी, तुमच्या डोक्यात रॅक बसवलाय का रॅकात डोकं?"

एक दिस वालचंदनगरकडची एक बाई आली, खोकल्याची. येक्सरेत छातीवर डाग निघाला. मागचा फोटू हाय का म्हणून म्याडमनं वही बघितली, तिचं नाव न्हवतं. डॉक्टर म्हणले, मग टीबीची औषधं चालू करा असं लिवून देतो. मी दारात उभी. मला त्या बाईच्या संगट आलेली तिची आई दिसली आन वळख लागली. मी आत गेले, खालच्या फळीवरनं एक पाकीट काढून आणलं. लग्नाआदी ह्याच पोरीला तिच्या आईनं आणलं हुतं, तवाचा फोटू. तवा तिचं नाव येगळं, आडनाव येगळं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडावर लावल्या. डाग तोच, तसाच, जुना भरून आलेला. बाईची सा म्हैन्याची औषधं वाचली.

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणले, "मावशी रजेवर असत्या तर?" तिथनं कंप्युटर घ्यायचं ठरलं.

पण कंप्युटर नुसता डब्बा. त्याच्या आत जो परोग्राम घालत्यात, त्याचं खरं काम. तो विकणारे दोघं आले. एक पुण्याचा, एक फलटणचा. डॉक्टर म्हणले, आठ-आठ दिस दोघांचं चालवून बघू, ज्याचं बरं त्याचं घिऊ.

पैलं पुण्याचा. त्याचं रंगीत हुतं. सोनोग्राफीच्या मशिनवरचं चित्र जसंच्या तसं कंप्युटरात यायचं, रिपोर्ट छापून यायचा, वर दवाखान्याचं नाव निळ्या अक्षरात. म्याडमला लई आवडलं. मलाबी आवडलं, खोटं का बोलू. पण त्यात एक खोड हुती. एकेक चौकोन भरल्याशिवाय ते फुडं सरकत न्हवतं. लगीन झालेली बाई असली की नवऱ्याचं नाव पायजेच.

निमगावची म्हातारी गुडघ्याचा फोटू काढाया आलती. म्याडमनं इच्यारलं, "आजी, मालकांचं नाव?"

म्हातारी गुडघा चोळत राहिली.

"आजी, नाव सांगा नवऱ्याचं."

"हायती की घरी."

"अहो, नाव काय त्यांचं?"

"त्यास्नी समदं गाव वळखतंय."

कंप्युटरवाला म्हणला, "आजी, नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मग नगं उघडू. माझ्या गुडघ्याचा फोटू काढायचाय, त्येंच्या न्हाय."

म्याडमनं जावंकडं बघितलं. तिनं पदर पुढं वढला. "मी कशी घिऊ? थोरलं भावजी हायती."

भाईर बाकड्यावरचा एक तात्या म्हणला, "आजी, उखाण्यात घ्या की मग."

म्हातारी म्हणली, "लग्नात घेतलंतं एकदा. तवा फुड्यात ताट वाढलं हुतं. हितं काय वाढणार हायसा?"

समदी हसली. म्हातारी न्हाय हसली. मलाबी तिचं कळत हुतं, मीबी माझ्या मालकाचं नाव कधी तोंडानं घेतलं न्हाय. ती रीतच हुती आमच्या वयाच्या बायांची. कोण तरण्या पोरी घ्यायच्या, पण सासू शेजारी असली की त्याबी गप.

रांग वाढाया लागली. कंप्युटरवाल्यानं म्याडमला सांगितलं, "काहीतरी टाका तिथं, पुढं जाऊ." आन त्यानं सवताच सवताचं नाव टाकलं. पान उघडलं. म्याडमला ते सोपं वाटलं. तिथनं जी बाई नाव घेईना, तिला हेच नाव.

आठ दिसांनी डॉक्टरांनी समदी यादी छापून काढाया सांगितली. कागद वाचता वाचता ते थांबले. चष्मा काढला. पुण्याच्या माणसाकडं बघितलं. बारामती आन इंदापूर मिळून तीसेक बाया त्याच्या बायका म्हणून लागल्या हुत्या. निमगावची म्हातारी धरून.

आण्णा म्हणला, "सायेब, लई मोठा संसार मांडला की तुमी. पुण्यात खोली पुरायची न्हाय."

तो बिचारा टाय ढिला करत राहिला. चांगला माणूस हुता. पण त्याचा परोग्राम पुण्यातच बसून केलेला हुता, आन तो चौकोन त्याला काढता येत न्हवता. वरच्या सायबाला इच्यारावं लागंल म्हणला.

मग फलटणचा आला. साधा माणूस, खांद्याला पिशवी. त्याचं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चित्र न्हाय, बित्र न्हाय. म्याडमनं तोंड वाकडं केलं. त्यानं पैल्या दिवशी कंप्युटरला हातच लावला न्हाय. माझ्या मागं मागच्या खोलीत येऊन बसला.

"मावशी, तुमी कशा हुडकता ते मला दाखवा."

मी म्हणले, "दाखवायचं काय त्यात. मी माहेर इच्यारते."

"म्हंजी?"

"बाईचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. नवऱ्याचं नाव ती घेत न्हाय. पण माहेर कुठलं इच्यारलं की लगी सांगती. मोठ्यानं सांगती. मग मी म्हणते, कुणाची तू? ती बापाचं सांगती, न्हायतर भावाचं. तितनं मला तिचं जुनं पाकीट घावतं."

त्यानं पिशवीतनं वही काढली आन लिवून घेतलं. म्हणला, "मावशी, मी ह्याचा एक रकाना करतो. माहेरचं गाव. आन फारम छापू. जिला लिवता येतंय तिनं सवताच लिवावं. तोंडानं नाव घ्यायचं न्हाय ना? कागदावर लिवाया कुणाची काय हरकत?"

मी केर गोळा करत हुते. माझा हात थांबला. मला तवाच कळलं की मी हे कशासाठी सांगितलं. त्या वालचंदनगरच्या बाईसारख्या बायांचं भलं व्हावं म्हणून सांगितलं, ते खरं. पण माझ्या लेकीचं नवं नाव मला म्हाईत न्हाय, आन तिचं माहेर तर मला म्हाईत हाय, हेबी तितकंच खरं. निरवांगीची बाई, आन माहेर बारामती. अशी एकच असंल.

डॉक्टर आन म्याडमची त्यावरनं बोलाचाली झाली, माझ्या देखत.

म्याडम म्हणल्या, "अहो, पुण्याच्यात चित्र येतंय. लोकांना दाखवायला किती छान."

डॉक्टर म्हणले, "चित्र मला मशिनवर दिसतंय. एकच बाई दोन बाया होऊन माझ्यापुढं यायला नको. ते हा करतोय."

"काळं दिसतंय ते."

"दिसू दे. आपला धंदाच काळ्या फिल्मचा हाय."

फलटणवाल्याचा परोग्राम घेतला. म्याडम दोन दिस डॉक्टरांशी बोलल्या न्हाईत, मग बोलाया लागल्या.

फारम सुरू झालं. ज्यांना लिवता येत न्हाय त्यांचं म्याडम लिवायच्या. माझं लक्ष तिकडंच. माहेर इच्यारलं की कंबर धरून बसलेली बाई सरळ व्हायची. "माहेर मोरगाव." "माहेर माझं लासुर्ण्याचं, कॅनॉलच्या कडंला." गाव इच्यारलं हुतं, बाया वाट सांगायच्या, झाड सांगायच्या. एका सासूनं सुनंला दटावलं, "एवढं सांगाया तितं कोण मुराळी पाठवतंय का तुला न्याया?" सून म्हणली, "इच्यारलं म्हणून सांगितलं, आत्याबाई. तुमी तर कधी इच्यारलं न्हाय."

निरवांगीचं कुणी आलं की माझा जीव दारात जायचा. तोंड बघायची. न्हाय. परत न्हाय.

वैशाखात भाचीचं लगीन निघालं, अंथुर्ण्याला, माझ्या थोरल्या भनीकडं. मी दोन दिस रजा घेतली. अंथुर्ण्यापासनं निरवांगी लांब न्हाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी भनीला म्हणले जाऊन येते जरा, आन फाट्यावर जाऊन उभी राहिले. निरवांगीकडं जाणारी यष्टी आली. कंडक्टर म्हणला, "चला मावशी." मी दाराच्या दांडीवर हात ठिवला. मग वाटलं, कुठल्या तोंडानं जायचं. ती चौकटीत उभी असंल आन म्हणंल, कुणाकडं आलाय तुमी. मी हात काढला. कंडक्टरनं बेल मारली. मी परतीची गाडी धरून बारामतीला आले.

दवाखान्यात काम चालू हुतं. दोन दिसांत काय झालं मी इच्यारलं न्हाय. कंप्युटरला एवढंच इच्यारायचं हुतं, निरवांगीच्या कोण कोण बाया आल्या. मला चालवता येत न्हवता. आण्णाला न्हायतर म्याडमला सांगावं लागलं असतं, आन ती म्हणली असती, तुमाला कशाला पायजे. मग समदं सांगावं लागलं असतं, चौकटीपासनं. आन दुसरं म्हंजी मी इच्यारत न्हवते तवर ती आली असंल असं वाटत राहायचं. इच्यारलं आन न्हाय निघालं तर? असं करत करत पावसाळा गेला, दिवाळी गेली.

दिवाळी झाल्यावर एक दिस दुपारी पेशंट न्हवतं. आण्णा कंप्युटरपाशी पत्ते खेळत बसलेला, त्या डब्ब्यात पत्तेबी हुते. मी म्हणले, "आण्णा, निरवांगीच्या किती बाया झाल्या बघ की."

"कशाला वो मावशी?"

"बघ म्हणते तर."

त्यानं बोटं मारली. इंग्लिशमधी यादी आली. तो वाचाया लागला. अकरा बाया. नाव, वय, माहेर. कळंब. सराटी. माळीनगर. मी नावं ऐकत न्हवते, माहेरच ऐकत हुते. बारामती आलंच न्हाय. शेवटाला तो म्हणला, "आन ही एक. वय एकवीस. माहेर निल."

"निल म्हंजी कुठलं गाव?"

"गाव न्हाय मावशी. निल म्हंजी न्हाय. हिला माहेर न्हाय. रिकामं सोडलं तर कंप्युटर आसंच दावतो."

मी इच्यारलं कवा आलती. त्यानं दिवस सांगितला. भाचीचं लगीन हुतं त्याच दिवशी.

मी नंबर इच्यारला आन मागच्या खोलीत गेले. फारमाचे गठ्ठे म्हैन्यावारी मीच बांधायची, सुतळीनं. तो वैशाखाचा गठ्ठाबी मीच बांधला हुता. सोडला. फारम काढलं. उभ्या उभ्या बघितलं आन मग खाली बसले.

अक्षर माझ्या लेकीचं हुतं. मला अक्षरं तिनंच शिकवली. पाचवीत असताना शाळंतनं आली की पाटी घिऊन माझ्यापुढं बसायची आन मास्तरीण व्हायची, मी चुकले की माझा हात धरून गिरवून घ्यायची. तिचा 'ब' पोटात फुगलेला असायचा, मीबी तसाच काढते. ते अक्षर मी कुठंबी वळखीन.

नाव येगळं हुतं, सासरचं. नवऱ्याचं नाव लिवलं हुतं. गाव निरवांगी. आन माहेर म्हणून जिथं छापलं हुतं, तितं तिनं 'बारामती' लिवलं हुतं आन त्यावरनं एक रेघ वढली हुती. लई दाबून न्हाय. खालचं समदं वाचाया येत हुतं. म्याडमनं बघितलं, खोडलंय म्हंजी न्हाय, म्हणून कंप्युटरात काय घातलं न्हाय. त्यांची चूक म्हणता येणार न्हाय.

आण्णा मागनं आला. मला बघून दारात थांबला. मग मी त्याला सांगितलं. माझ्या तोंडानं तिचं नाव किती वर्सांनी निघालं. त्यानं जाऊन रिपोर्ट वाचून आणला. "सात म्हैने झालते मावशी. बाळ नीट हाय म्हणून लिवलंय. डोकं खाली. समदं नीट."

"कुणासंगं आलती?"

"एकटीच आलती बहुतेक. मला आठवत न्हाय वो. रोज इतक्या बाया येत्यात."

डॉक्टरांना मी म्हणले, हा कागद मला द्या. ते म्हणले, "मावशी, पेशंटचा कागद भाईर देता येत नाही. पण तुमी कवाबी बघा. तुमच्याच खोलीत हाय तो." बराबर हुतं त्यांचं.

घरी आले, जेवाया वाढलं आन मालकाला म्हणले, लेक दवाखान्यात आलती, वैशाखात. नाव घिऊन म्हणले. त्यानं हातातला घास ताटात ठिवला. परत उचलला आन खाल्ला. हात धुतल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणला, "निरवांगीला सकाळची गाडी असती. जागा मिळती तिच्यात."

ह्या खेपंला मी पायरी चढले.

घर घावाया येळ लागला न्हाय. अंगणात सासू हुती, शेळीला पाला टाकत. मी म्हणले, मी तुमच्या सुनंची आई. तिनं मला पायापासनं वर बघितलं.

"आई? ती म्हणायची आई न्हाय तिला."

"हाय. मीच."

तिनं बसाया पोतं टाकलं. आत गेली, चहा घिऊन आली. चहा घरातल्याच कपात दिला, त्याच कपातलं तीबी प्याली. ते मी बघून ठिवलं. मग म्हणली, "उशीर केलासा बाई. आखाडात पोरगी झाली. दसऱ्याच्या आदी गेली ती दोघं, पोरीला घिऊन. ह्यांचं आन पोराचं भांडण झालं. ह्यास्नी पोरगा पायजे हुता, आन ती आमच्यातली न्हाय हे तर रोजचंच. आमचा पोरगा बापाला म्हणला, ऱ्हावा तुमच्या घरात तुमी. सुरतंकडं गाडीवर डायवर हाय म्हणून कुणीतरी सांगितलं. पत्ता न्हाय. पत्र न्हाय."

"नात कशी हाय?"

"सावळी. नाक तुमच्यावाणी, आता बघते तर." कप उचलून घेत म्हणली, "मी तिला लई बोलले न्हाय. पण बोलणाऱ्यांना गप बी केलं न्हाय."

मी म्हणले, "माझंबी तसंच."

निघताना ती यष्टीपतोर आली. म्हणली, "तुमाला कळलं तर मला निरोप धाडा. मला कळलं तर मी धाडीन." दोन-तीन वर्सं तिचा निरोप यायचा, कंडक्टरच्या हाती. काय न्हाय कळलं, एवढाच निरोप. मग तो बंद झाला. लेकीची सासू वारल्याचं मागनं कळलं.

मालकानं सुरतंला जाणाऱ्या डायवर लोकांना इच्यारून बघितलं, कंपनीच्या गेटावर गाड्या यायच्या त्यांना. मला सांगत न्हवता, पण मला दुसरी माणसं सांगायची. तो गेला त्यालाबी लई वर्सं झाली. दवाखान्यात मी हात-पाय चालत हुते तवर काम केलं. कंप्युटर दोनदा बदलला, परोग्राम बदलला, आता समदं रंगीतच हाय आन फिल्माबी निघत न्हाईत. फारमाचे जुने गठ्ठे एका पावसाळ्यात भिजले, टाकून द्यावे लागले. आमी राहत हुतो ती खोलीबी पाडली, तितं दुकानं झाली. लेक आली असंल तर तिला दुकानंच दिसली असतील. ह्याचा मला लई घोर लागतो. आपण गेलो आन ती येऊन गेली असं एकदा झालंय.

वाचणाऱ्याला एकच सांगणं हाय. सुरतंकडं न्हायतर कुठंबी तुमच्या वळखीत अशी बाई असंल, पन्नाशीच्या आतबाहेरची, सासर निरवांगीचं आन माहेर इच्यारल्यावर गप राहणारी, तर तिला सांगा की तिची आई बारामतीतच हाय. जुन्या खोलीवर जाऊ नको म्हणावं. फोटूच्या दवाखान्यात इच्यार, ती माणसं घर दावतील. एवढं तिला सांगा.